खिशातला साधा कॉम्पॅक्ट की व्यावसायिक मिररलेस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लग्नांचे फोटो काढतो, हिवाळ्यात पक्ष्यांच्या मागे हिंडतो आणि अधूनमधून रविवारी नवशिक्यांचे वर्ग घेतो. वर्गात कोणी ना कोणी घरातला जुना खिशातला कॅमेरा घेऊन येतं, माझ्या गळ्यातल्या धोंड्याकडे बघतं आणि विचारतं, "सर, यात आणि त्यात नक्की फरक काय?" त्या प्रश्नाला जी पिल्लं फुटत गेली, ती इथे एकत्र केली आहेत.

तुलना नेमकी कोणत्या दोन कॅमेऱ्यांची?

हवेत बोलण्यापेक्षा दोन खरे कॅमेरे समोर ठेवू. एक निकॉन झेड ८. मे २०२३ मध्ये जाहीर झालेला, ४५.७ मेगापिक्सेलचा, फुल फ्रेम सेन्सरचा (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा तुकडा, आणि फुल फ्रेम म्हणजे तो जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा). बॅटरी आणि कार्डासह वजन ९१० ग्रॅम, आणि तेही लेन्स न लावता. दुसरा सोनी डब्ल्यू ८३०. जानेवारी २०१४ मध्ये जाहीर झालेला, २०.१ मेगापिक्सेलचा, आठपट झूमचा, बॅटरीसकट १२२ ग्रॅमच्या आसपास. शर्टाच्या खिशात टाकला तर खिसा लोंबतही नाही. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीची जोडी असेल तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल, कारण साध्या कॉम्पॅक्टचं अंतरंग जवळपास सारखंच असतं.

मिररलेस म्हणजे काय? आरसा गेला कुठे?

जुन्या एसएलआर आणि डीएसएलआरमध्ये लेन्समागे ४५ अंशांत एक आरसा असायचा. तो प्रकाश वर डोळ्याकडे पाठवायचा आणि बटण दाबलं की 'खटॅक' करून उचलला जायचा. मिररलेसमध्ये तो काढून टाकला. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि डोळ्यासमोर दिसतो तो छोट्या इलेक्ट्रॉनिक पडद्यावरचा फोटोच. २००८ साली पॅनासोनिकच्या जी १ पासून या जातीचे कॅमेरे लोकांच्या हाती येऊ लागले, २०१३ मध्ये सोनीने ए ७ मालिकेतून फुल फ्रेम आणला, आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल फ्रेम मिररलेसच्या वाटेला लागले.

तसं पाहिलं तर खिशातल्या कॉम्पॅक्टमध्येही आरसा नसतो. आरसा नसणं हा या दोघांतला फरकच नव्हे.

एकात ४५ मेगापिक्सेल, दुसऱ्यात २०. म्हणजे मोठा कॅमेरा साधारण सव्वादोनपट चांगला, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून याला जरा वेळ देऊ.

मेगापिक्सेल म्हणजे चौकटीत किती घरं पाडलीत त्याचा आकडा. प्रत्येक घराला प्रकाश किती मिळतो, हे तो सांगत नाही. झेड ८ चा सेन्सर जवळपास ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे, म्हणजे पूर्वी रोल धुऊन आणल्यावर पट्टीत जी निगेटिव्ह दिसायची, तिच्यातल्या एका चौकटीएवढा. डब्ल्यू ८३० चा सेन्सर सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. (जाहिरातीत तो '१/२.३ इंच' असा लिहितात. हा आकडा जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांच्या व्यासावरून आलेला आहे. पट्टी लावून मोजलं तर सेन्सर तेवढा भरत नाही.) क्षेत्रफळाचा हिशेब केला तर एक ८६० चौरस मिलिमीटरांच्या आसपास आणि दुसरा जेमतेम २८. तीसपट फरक.

पाऊस पडताना अंगणात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण साठतं किती ते भांड्यावर ठरतं. प्रकाशाचंही तेच. संध्याकाळी, घरात, देवळाच्या गाभाऱ्यात प्रकाशाची सरच बारीक असते, तेव्हा वाटीत पुरेसं जमत नाही आणि फोटोत दाणेदार खरखर दिसू लागते.

आता त्या डाळीच्या दाण्यावर २० मेगापिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल, म्हणजे एकेक घर, सुमारे १.२ मायक्रॉनचा होतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). झेड ८ मध्ये तो ४.३५ मायक्रॉनचा आहे. त्यात भर म्हणून प्रकाशाचा स्वभाव आडवा येतो. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो. त्यामुळे बिंदूचा फोटो बिंदू राहत नाही, बारीकशी टिकली बनते. हिरव्या प्रकाशासाठी एफ/६.३ ला (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक) ही टिकली साडेआठ मायक्रॉनच्या आसपास येते. डब्ल्यू ८३० झूम पूर्ण ताणल्यावर एफ/६.३ वरच असतो, म्हणजे एक बिंदू आडव्या दिशेने सुमारे सात पिक्सेलांवर फासला जातो. मग त्या वीस मेगापिक्सेलमधले बरेचसे केवळ फाइल जड करायला उरतात. लेन्स कितीही चांगली घासली तरी हे टळत नाही. हा लेन्स बनवणाऱ्याचा दोष नव्हे.

झेड ८ वर त्याच एफ/६.३ ला तीच टिकली दोनच पिक्सेल व्यापते. म्हणून त्याचे ४५ मेगापिक्सेल खरोखर कामाला येतात.

पण दुपारच्या उन्हात दोन्हींचे फोटो मला सारखेच दिसले. माझी नजर चुकतेय का?

चुकत नाही. स्वच्छ ऊन, न हलणारा विषय आणि फोटो मोबाइलच्या पडद्यावर पाहायचा, एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की सहकुटुंब रायगडावर काढलेल्या फोटोत फरक सांगणं मलाही जड जातं. परात आणि वाटी दोन्ही काठोकाठ भरलेली असतात तेव्हा भांड्याचा आकार कळत नाही.

लग्नात साध्या कॉम्पॅक्टने काम भागेल का?

घरच्यांनी आठवण म्हणून काढायला, हो. पैसे घेऊन काढायला, नाही. आणि हे मी फोटोच्या दर्जापेक्षा वेळेच्या कारणाने सांगतो.

अंतरपाट दूर होतो तो क्षण धरा. मंगलाष्टकं संपतात, वाजंत्री एकदम सुरू होते, अक्षतांचा शेवटचा मारा होतो, पाट खाली येतो, आणि दोघं एकमेकांकडे पाहतात. त्या नजरेचं आयुष्य सेकंदभराचं. साधा कॉम्पॅक्ट बटण दाबल्यावर आधी फोकस शोधतो, लेन्स किंचित पुढेमागे करतो, मग फोटो घेतो. तोवर नवरी खाली पाहू लागलेली असते. पुढचा फोटो घ्यायला डब्ल्यू ८३० ला सेकंदभराहून जास्त लागतो. झेड ८ सेकंदाला वीस फ्रेम रॉमध्ये (ही कच्ची फाइल, पुढे सांगतो) घेतो, आणि गर्दीतून नवरीचा डोळा पकडून त्याच्यावरच फोकस धरून ठेवतो. मध्ये मामांचा हात आला तरी सहसा सुटत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. झेड ८ मध्ये यांत्रिक शटरच, म्हणजे फोटो घेताना उघडमीट होणारा पडदाच, नाही. गुरुजी संकल्प सांगत असताना मी दोन हातांच्या अंतरावर बसून चाळीस फोटो घेतले तरी कोणी वळून पाहत नाही. डीएसएलआरच्या काळात खटखट ऐकून एका लग्नात आजोबांनी मला हाताने थांबवलं होतं, आणि त्यांचं बरोबरच होतं.

तिसरी गोष्ट मंगल कार्यालयातल्या दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिच्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण शटर फार वेगात ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० सेकंदाला ते बहुतेक वेळा जातात. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचं लुकलुकणं मात्र वेगळ्याच गतीचं असतं. त्यासाठी झेड ८ मध्ये शटरचा वेग अगदी बारीक फरकाने जुळवता येतो. मंगल कार्यालयात पोहोचल्यावर माझं पहिलं काम हेच: रिकाम्या स्टेजचे चार फोटो काढून पट्टे तपासायचे.

कॉम्पॅक्टचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंत पोहोचतो. पंगतीत समोर बसलेल्या काकूंसाठी पुरे, स्टेजसाठी नाही. मागच्या ओळीत उभं राहून फ्लॅश मारला तर पुढच्यांच्या पाठी उजळतात आणि वधूवर काळोखात जातात.

मागचं सगळं छान धूसर होतं, ते कॉम्पॅक्टमध्ये का होत नाही?

प्रकाश ज्या छिद्रातून आत येतो, त्याच्या खऱ्या व्यासावर ते अवलंबून आहे. ४० मिलिमीटर नाभीय अंतराच्या एफ/२ लेन्सचं छिद्र (४० भागिले २) २० मिलिमीटरचं, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. डब्ल्यू ८३० चं रुंद टोकाला (झूम न ताणता) छिद्र सुमारे १.४ मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्याएवढं. एवढ्याशा छिद्रातून जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्टच येणार. त्याचा एफ/३.३ धूसरपणाच्या हिशेबाने फुल फ्रेमवरच्या एफ/१८ सारखा वागतो.

तरी एक युक्ती सांगतो. झूम पूर्ण ताणा, माणसाला भिंतीपासून दहा-पंधरा फूट पुढे आणा आणि स्वतः जेवढं जवळ जाता येईल तेवढं जा. थोडीफार मऊ पार्श्वभूमी मिळते.

आणि एक लक्षात असू द्या: महागडी बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊन तिच्यावर एफ/४ चा झूम लावला, तर सेन्सरमुळे प्रकाशात पडणारा वरचा तीसपट फरक वीसपटीच्या आसपास येतो. उघडी एफ/२ लेन्स लावली तर तोच ऐंशीपटीच्या वर जातो. म्हणून बॉडीवर सगळे पैसे ओतू नका, असं मी कायम सांगत आलोय. फोटो लेन्स घडवते.

माझ्या कॉम्पॅक्टवर '८ एक्स' लिहिलंय. तुमच्या मोठ्या लेन्सवर तर किती एक्स ते लिहिलेलंच नाही. मग माझा झूम मोठा का?

'एक्स' म्हणजे सगळ्यात लांबच्या टोकाला सगळ्यात रुंद टोकाने भागलेला आकडा. डब्ल्यू ८३० चा झूम फुल फ्रेमच्या भाषेत २५ ते २०० मिलिमीटर (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं), म्हणून आठपट. निकॉनची १८०-६०० लेन्स तीनपट आणि थोडीशीच. पण ती सुरूच होते जवळपास तिथे, जिथे कॉम्पॅक्ट संपतो.

हे मी भिगवणला प्रत्यक्ष करून पाहिलं. उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावहून नाव घेतली, डिसेंबरातली सकाळ, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाण्यात पाय रोवून माना खाली घालून चरत होते. नावाडी थव्यापासून लांबच थांबला, आणि त्याने थांबायलाच हवं, कारण जवळ गेलं की अख्खा थवा उडतो आणि त्यांची न्याहारी मोडते. दोन्ही कॅमेऱ्यांनी त्याच जागेवरून फोटो घेतले. २०० मिलिमीटरला रोहित म्हणजे पाण्यावरचा गुलाबी ठिपक्यांचा पट्टा. ६०० ला तीनच पक्षी चौकटीत, आणि वाकड्या चोचीतून पाणी गळताना दिसत होतं. लांबी तिप्पट झाली की त्याच पक्ष्याला नऊपट जागा मिळते, आणि शिवाय त्या लेन्सचं पुढचं भिंग ९५ मिलिमीटर व्यासाचा फिल्टर बसेल एवढं मोठं आहे.

पण सांगायलाच हवं की मला त्या सकाळचा सगळ्यात आवडलेला फोटो कॉम्पॅक्टचा आहे. त्यात नावेचं टोक आहे, नावाड्याची पाठ आहे, धुकं आहे, आणि लांबवर तो गुलाबी पट्टा. सकाळ कशी होती ते त्याच फोटोत कळतं.

'डिजिटल झूम' नावाचा पर्याय मात्र मेनूत जाऊन बंदच करा. तो फोटोचा मधला तुकडा कापून फुगवतो. कापायचंच असेल तर घरी संगणकावर कापता येतं.

ताडोबाला चाललोय. मोबाइल पुरेल ना?

ताडोबाच्या कोअर क्षेत्रात सफारीला मोबाइल न्यायला बंदी आहे. कॅमेरा चालतो. दरवर्षी कोणीतरी गेटवर फोन जमा करताना हळहळतं की एकही फोटो काढता येणार नाही. अशा वेळी घरातला जुना कॉम्पॅक्ट पिशवीत असेल तर जिप्सीत बसलेल्या मुलांचे, रस्त्याचे, तलावाचे फोटो नक्की मिळतात. वाघ तुमच्या नशिबाने जिप्सीसमोरून चालत गेला, तर तोही मिळेल. बांबूच्या सावलीत लांब बसलेला वाघ मात्र मोठ्या लेन्सचंच काम. बुकिंग करताना कॅमेऱ्याविषयीचे ताजे नियम आणि शुल्क वाचून घ्या.

कॉम्पॅक्ट कुठे खरोखर सरस ठरतो?

तीन ठिकाणी मी तो मुद्दाम नेतो.

एक, कासला. सप्टेंबरात सीतेची आसवं फुलतात तेव्हा ती निळसर जांभळी फुलं जमिनीपासून वीतभरही वर नसतात. कॉम्पॅक्टचा मॅक्रो फुलाला जवळजवळ टेकेपर्यंत फोकस करतो, आणि मघाशी ज्या बारीक छिद्राची तक्रार केली तेच इथे कामी येतं: फूल पूर्ण स्पष्ट, मागचं पठार आणि ढगही ओळखू येतील एवढे स्पष्ट. मिररलेसवर हे करायला छिद्र बारीक करा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, खास लेन्स लावा. वाटेच्या कडेला बसून नुसता हात पुढे करून कॉम्पॅक्ट धरता येतो, फुलांत पाय टाकावा लागत नाही. पडदा वळत नाही, म्हणून अंदाजाने चार-पाच फोटो काढायचे आणि त्यातला एक ठेवायचा.

दोन, वारीत. मोठी लेन्स समोर आली की माणसं सावरून बसतात, पदर नीट करतात, काही जण चक्क मुलाखतीला उभं राहावं तसे उभे राहतात. दिवे घाट चढताना दम लागलेल्या आजींसमोर एक किलोचा कॅमेरा रोखणं मला बरं वाटत नाही. खिशातला छोटा कॅमेरा काढला तर त्या हसतात, 'काढ रं बाळा' म्हणतात. तो फोटो वेगळाच येतो.

तीन, हरिश्चंद्रगडासारख्या चढाला. झेड ८ आणि २४-१२० लेन्स मिळून दीड किलो. नळीच्या वाटेने चढताना हात खडकाला हवे असतात, तेव्हा गळ्यातला दीड किलोचा लंबक जिवावर बेतू शकतो. तिथे वरचा फोटो महत्त्वाचा नाही, सुखरूप वर पोहोचणं महत्त्वाचं.

पण मग मोबाइल आहेच की. नवा कॉम्पॅक्ट विकत का घ्यायचा?

बहुतेकांनी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आजच्या वरच्या दर्जाच्या मोबाइलमधला मुख्य सेन्सर साध्या कॉम्पॅक्टच्या सेन्सरपेक्षा मोठा असतो, लेन्सही जास्त उघडते, आणि फोन एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळतो. अंधारात कॉम्पॅक्ट त्याच्यापुढे टिकत नाही. याच कारणाने हा बाजार ओसरला. २०१० साली जगभरात बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, त्यातले बहुसंख्य कॉम्पॅक्ट होते.

कॉम्पॅक्ट घ्यावा तो यांनी: ज्यांना लेन्सचा खरा झूम हवा आणि फोन साधा आहे, ज्यांना मुलांच्या हाती फोन द्यायचा नाही पण फोटोची गोडी लावायची आहे, आणि ज्या वडीलधाऱ्यांना पडद्यावर बोटं सरकवणं जमत नाही पण बटण दाबणं जमतं. माझ्या वडिलांनी सत्तरीनंतर कॉम्पॅक्टवर गॅलरीतल्या कुंडीचे रोज फोटो काढले. फोनवर त्यांनी ते कधीच काढले नसते.

सीसीडीचे रंग जादुई असतात म्हणे. मुलगी जुना कॅमेराच हवा म्हणतेय.

जुन्या कॉम्पॅक्टमध्ये सीसीडी जातीचा सेन्सर असायचा. डब्ल्यू ८३० मध्येही तोच आहे. नंतरच्या जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत सीमॉस आला. त्या काळातल्या फोटोंचा ठसठशीत रंग, चटकन पांढरं पडणारं आभाळ, चेहऱ्यावर थेट आदळणारा फ्लॅश, हे सगळं आजच्या तरुण मुलांना ताजं वाटतं, कारण फोनवरचे फोटो सगळे एकसारखे गुळगुळीत झालेत. पण त्या रंगांत सेन्सरच्या जातीपेक्षा कंपनीने आत बसवलेल्या रंग-हिशेबाचा आणि त्या फ्लॅशचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं.

मुलीला हौस असेल तर नवं काही घेण्याआधी कपाट उघडा. नातेवाइकांत विचारा. २०१० च्या आसपासचा एखादा नक्की पडलेला असतो. जुना घेताना चार गोष्टी बघा: लेन्स बाहेर येताना अडखळते का, बॅटरी फुगलेली आहे का, तीच बॅटरी अजून बाजारात मिळते का, आणि कार्ड कोणतं लागतं. फार जुन्या कॅमेऱ्यांना मोठ्या क्षमतेची कार्डं वाचता येत नाहीत.

रॉ फाइल म्हणजे काय, आणि ती नसली तर बिघडतं काय?

रॉ म्हणजे कणीक, जेपेग म्हणजे भाजलेली पोळी. डब्ल्यू ८३० फक्त पोळी देतो. जरा करपली तर करपली. झेड ८ ची रॉ फाइल नंतर उजळवता येते, पिवळ्या दिव्यात पिवळी पडलेली नवरीची पांढरी शेला-किनार परत पांढरी करता येते. हौशी माणसाचं रॉवाचून काही अडत नाही. लग्न काढणाऱ्याचं अडतं.

छापायला किती मेगापिक्सेल लागतात?

चार बाय सहा इंचाच्या नेहमीच्या प्रिंटला, इंचाला ३०० ठिपके धरले तर, सुमारे २.२ मेगापिक्सेल. बारा बाय अठराला १९.४. आपल्याकडे लग्नाचे जे १२ बाय ३६ इंचांचे अल्बम बनतात, त्याचं आख्खं जोडपान एकाच फोटोने भरायचं तर ३९ च्या आसपास. भिंतीवरच्या मोठ्या फोटोकडे माणूस लांबून पाहतो, म्हणून तिथे याहून कमी पुरतात.

बॅटरी आणि कार्डाचं काय?

इथे लोकांना धक्का बसतो. जपानी उद्योगसंघटनेच्या ठरावीक चाचणीप्रमाणे डब्ल्यू ८३० एका चार्जमध्ये सुमारे २१० फोटो देतो आणि झेड ८ सुमारे ३४०. एवढा मोठा कॅमेरा आणि एवढेच? मिररलेसचा पडदा आणि सेन्सर सतत चालू असतात, त्याची ही किंमत. सलग फ्रेम घेतल्या तर आकडा कितीतरी वर जातो, तरी लग्नाला मी चार बॅटऱ्या नेतो.

झेड ८ ची एक रॉ फाइल साधारण ५० एमबी धरा. दिवसाला तीन हजार फोटो म्हणजे दीडशे जीबी. त्याच्या दोन कप्प्यांपैकी एकात वेगवान सीएफएक्सप्रेस कार्ड लागतं, ते साध्या एसडी कार्डापेक्षा बरंच महाग. पण दोन कप्पे असणं हेच व्यावसायिक कॅमेऱ्याचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एक कार्ड दगावलं तरी कोणाचं लग्न हरवत नाही. माझ्या बाबतीत हे एकदा घडलं आहे. रात्री अकराला संगणक कार्ड वाचेना, आणि दुसऱ्या कार्डावर सगळं शाबूत होतं. त्या दिवसापासून मी एका कप्प्यावर कधीच काम केलेलं नाही.

आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. दोन्हींना येते का?

दोन्हींना येते. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसू लागतात. सुरुवातीला कापडाने पुसून जातात असं वाटतं, पण ते आतल्या भिंगावर असतात. लेन्स उघडून साफ करता येते, तोवर तिच्यावरचा लेप खाल्ला गेला नसेल तर. कॉम्पॅक्ट उघडून साफ करण्याचा खर्च बहुतेकदा त्याच्या किमतीएवढा होतो, म्हणून तिथे प्रतिबंध हाच उपाय.

कपाटात, कातडी किंवा कापडी बॅगेत बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि शंभर-दीडशे रुपयांचं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. मोठ्या लेन्स अनेक असतील तर विजेवर चालणारं कोरडं कपाट घेणं परवडतं.

वाळूचं वेगळंच दुखणं. कॉम्पॅक्टची लेन्स दुर्बिणीसारखी बाहेर येते, फटीत वाळूचा एक कण अडकला की परत आत जात नाही. माझा एक असाच गुहागरच्या किनाऱ्यावर गेला. झेड ८ ला सांध्यांवर रबरी अटकाव आहे, सरीत भिजला तर चालतो. तरी तो पाण्यात बुडवायचा कॅमेरा नव्हे.

एकूण खर्च किती धरायचा?

झेड ८ ची नुसती बॉडी भारतात आली तेव्हा साडेतीन लाखांच्या जवळपास होती. दोन चांगल्या लेन्स, कार्डं, जादा बॅटऱ्या, बॅग आणि एवढ्या मोठ्या फाइली हाताळणारा संगणक धरला, की आकडा सहज दुप्पट होतो. तो कामातून परत येणार असेल तरच घ्या. हप्त्यावर बॉडी घेऊन तिच्यावर सगळ्यात स्वस्त लेन्स लावणारी मुलं मी पाहतो, तेव्हा मनापासून वाईट वाटतं. त्या पैशात जुनी मिररलेस बॉडी आणि उत्तम लेन्स आली असती, आणि फोटो जास्त चांगले आले असते.

या दोन टोकांच्या मध्ये काही नाही का?

आहे, आणि हौशी माणसाने तिथेच पाहावं. सोनीच्या आरएक्स १०० मालिकेत २०१२ पासून एक इंची म्हणतात तो सेन्सर आहे. तो साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट मोठा आणि तरी खिशात मावतो. रिकोच्या जीआर ३ मध्ये त्याहूनही मोठा सेन्सर आहे, झूम अजिबात नाही, वजन अडीचशे ग्रॅमच्या थोडं वर. ट्रेकला आणि रस्त्यावरच्या फोटोंना मला तो फार आवडतो. लेन्स बदलायची इच्छा असेल तर एपीएस-सी सेन्सरची (फुल फ्रेमहून लहान, एक इंचीहून मोठा) छोटी मिररलेस बॉडी आणि एक न झूम होणारी उजळ लेन्स, एवढ्यावर पाच वर्षं आनंदात जातील.

भाऊ परदेशात आहे. त्याच्याकडून कॅमेरा मागवला तर स्वस्त पडेल?

कधीकधी पडतो, पण आधी तीन गोष्टी तपासा. बॉडीची वॉरंटी बऱ्याचदा ज्या देशात विकली त्याच देशापुरती असते, त्यामुळे इथे दुरुस्तीचा पूर्ण खर्च अंगावर येऊ शकतो. विमानतळावर ठरावीक किमतीच्या वर सीमाशुल्क लागतं, म्हणून बिल जवळ ठेवायला सांगा, आणि सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच ठेवायला सांगा, कारण चेक-इन सामानात त्या चालत नाहीत. आणि भाऊ जपानमध्ये असेल, तर दुकानातच मेनू उघडून बघायला सांगा. तिथे विकले जाणारे काही कॅमेरे, विशेषतः सोनीचे, फक्त जपानी भाषेतच चालतात आणि भाषा बदलायचा पर्याय त्यांच्या मेनूत नसतो.